अकरा नंबरचा पाना

"बा, उद्या तुझी बोट विमानासारखी सुटेल!" २०१७च्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी नविनने नरपडच्या बंदरावर जाहीर करून टाकलं.

पोरगा बोलला ते काही उगाच नाही. तो शारजाला विमानं दुरुस्त करतो. त्याची सही झाल्याशिवाय तिथलं विमान जागचं हलत नाही! पण देवजीने, म्हणजे त्याच्या बापाने, बोटीच्या इंजिनाला त्याला वीस वर्षं हात लावू दिला नव्हता. लहानपणी नविनने ते एकदा उघडलं होतं आणि पुढे आठ दिवस घर सुकटीवर भागलं होतं. यंदा मात्र म्हातारा विरघळला.

"कर तू. पण सकाळची भरती चुकली तर याद राख! नवं जाळं शेजारच्या बोटीवरच्या जिव्याच्या आधी पाण्यात पडलं पाहिजे."

नविनने दिवसभर इंजिन उघडलं, पुसलं, जोडलं. संध्याकाळी इतका दमला की हत्यारं मोजायचीही सकाळवर ढकलली. झोपताना आईला मात्र बजावलं, "या हत्यारांच्या पेटीला कुणी हात लावायचा नाही! एकेचाळीस पाने आहेत, प्रत्येकाची जागा ठरलेली."

"नाही रे बाबा लावत," हंसा म्हणाली.

सकाळी पूजा झाली. पाटावर कोयता, विळी, जाळं विणायची सुई आणि वर झेंडूचा ढीग. नविनने मनोभावे डोकं टेकवलं, पेटी उचलली आणि बंदर गाठलं.

पाणी बोट तरंगण्यापुरतं चढलं होतं. शेजारी जिव्याची बोट निघायच्या तयारीत. देवजीने इंजिन चालू केलं, आणि ते पहिल्याच दमात धडधडलं! म्हातारा चक्क हसला. नविनला इतका आनंद पहिल्या पगाराला झाला नव्हता. आता मोजणी तेवढी उरकावी म्हणून त्याने पेटी उघडली.

"बा, बंद कर! इंजिन बंद कर!"

"काय झालं?"

"अकरा नंबरचा पाना नाही!"

"मग बाराचा घे."

"घ्यायचा नाही, मोजायचा आहे! एक हत्यार कमी भरलं की ते इंजिनात राहिलं असं धरायचं. सापडेपर्यंत विमान सोडत नाहीत."

"अरे, पण हे विमान नाही!"

"नियम म्हणजे नियम!"

"देवजीकाका, विमानतळावरून सुटलात की या मागनं!" जिव्या ओरडला आणि निघूनसुद्धा गेला.

नविनने झाकण काढलं. मग पंप काढला. मग पंपाखालचं काढलं. पाना काही मिळेना.

"पोरा, पाणी उतरतंय."

"पाचच मिनिटं, बा!"

दशमीचं पाणी, आधीच भांगाचं, म्हणजे जेमतेम चढणारं, ते कशाला थांबतंय! अर्ध्या तासाने बोट करकरली आणि एका कुशीवर चिखलात कलंडली. मग दसऱ्याचं सोनं वाटणारं गाव एकेक करून तिकडेच वळलं. "सोनं घ्या! तुम्ही आज गावातच सापडलात, बरं झालं!" वीस वर्षांनी बापाने टाकलेला विश्वास असा चिखलात रुतलेला बघून नविनला रडायचंच बाकी राहिलं होतं.

इतक्यात हंसा आली. "अगो बाई! अजून इथंच?"

"आई, माझा एक पाना हरवलाय. एवढा, चकचकीत..."

"हा का?" हंसाने पदराची गाठ सोडली. हळदीकुंकू लावलेला अकरा नंबरचा पाना! "तुलाच द्यायला आले. दसऱ्याला हत्यार पुजायचं असतं ना? सगळ्यांचं होतं, तुझंच नव्हतं. पेटी उचलेना, म्हणून एक काढला, झेंडूखाली ठेवला."

"अगं, मग सांगायचं नाही?"

"पेटीला हात लावू नको म्हणालेलास, मग सांगू कशी? आणि तू तर त्याच्यापुढेच डोकं टेकवलंस! मला वाटलं, ओळखलास."

नविनने मुकाट्याने पाना जागेवर ठेवला. एकेचाळीस भरले. इंजिन मात्र सगळ्या बोटीत पसरलं होतं.

देवजीने खिशातून आपट्याची पानं काढून लेकाच्या हातावर ठेवली. नविन भरल्या डोळ्यांनी पाया पडायला वाकला.

"पाया नंतर पड," म्हातारा म्हणाला, "आधी सोनं मोजून घे. एखादं कमी भरलं, तर रात्रीची भरतीपण जायची!"