जावईबापूंची दोरी

जावईबापूंनी खिशातून सुती दोरीचे दोन तुकडे काढले, तसं सासऱ्यांनी वर्तमानपत्र आणखी उंच धरलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी ते जावयाला 'पाहुणे' म्हणत. 'पाहुणे आले', 'पाहुणे जेवले', त्यापुढे काही नाही. आज नातीचा वाढदिवस, घर माणसांनी भरलेलं. आज सासऱ्यांच्या तोंडून एक 'वा!' काढायचाच, असा जावईबापूंचा पण होता.

"दोन माणसं पुढे या! एकेकाचे दोन्ही हात बांधीन, दोऱ्या एकमेकींत अडकवीन आणि गाठ न सोडता दोघांना मोकळं करीन!"

मुलांनी एकीकडून सासऱ्यांना ढकललं, दुसरीकडून नातीसाठी आलेल्या त्यांच्या धाकट्या भावाला. एकाच भिंतीच्या अल्याड-पल्याड राहणारे हे भाऊ त्या भिंतीतल्या ओलीवरून अबोला धरून होते. ओल कुणाच्या न्हाणीघरातून येते, एवढंच भांडण. पण त्या काळचे अबोले शिसवी कपाटासारखे असत. जागचे हलत नसत, घरच्यांनी वळसा घालून जायचं. मागे फिरेल तो भित्रा ठरेल, म्हणून दोघेही पुढे आले आणि दोन दिशांना तोंडं करून उभे राहिले.

गाठी पक्क्या बसल्या. जावईबापूंनी दोरीचा फास धाकट्यांच्या मनगटाखालून घेतला, बोटांवरून फिरवला. एक पीळ जास्तच पडला आणि दोऱ्या सुटेनात. सराव त्यांनी खुर्चीबरोबर केला होता, आणि खुर्ची हिसके देत नाही.

"हात स्थिर ठेव म्हणावं त्याला," सासरे छताला म्हणाले.

"आधी स्वतःचा ठेवा म्हणावं," धाकटे खिडकीला म्हणाले.

"कात्री आणा!" कुणीतरी ओरडलं.

"इथंच तर होती बाई," सासूबाई पलंगावरून न हलता म्हणाल्या. "शोधा की सगळे."

"सुरी चालेल?"

"मनगटापाशी सुरी? काहीतरीच!"

सगळे कात्री शोधायला पांगले. तेवढ्यात धाकट्यांना आठवलं, "अरे, माझी पाण्याची मोटार चालूच राहिली!" ते धावले. मागोमाग सासरेही फरफटत गेले, त्या घरात कैक वर्षांनी.

परतले ते भांडतच.

"तुझ्या भिंतीला तर माझ्याहून जास्त ओल!"

"मग दादा, मी काय सांगत होतो? तुझ्याकडूनच येते ती!"

"कधी बोललास माझ्याशी? आणि लेका, ओढू नकोस, हळू चाल."

'दादा' ऐकून सासूबाईंनी हसू लपवायला मान खाली घातली. दोघे केक खायला बसले. एकाने घास उचलला की दुसऱ्याचा हात वर जाई.

"एका ताटात जेवायचो, तेव्हाही असाच ओढायचास."

"आणि तू साय चोरायचास!"

दोघेही हसले. बराच वेळ कुणाला दोरीची आठवण झाली नाही. एका जावईबापूंना सोडून. ते घामाघूम होऊन अजून पीळ मोजत होते.

जमलेली मंडळी घरोघरी गेल्यावर सासूबाई उठल्या.

"अगंबाई! ही बघा, माझ्याच खाली होती!"

दोऱ्या कापल्या गेल्या. सासऱ्यांनी मनगट चोळत सुनावलं, "पाहुण्यांना म्हणावं, पुन्हा या घरात दोरी आणू नका." जावईबापू मान खाली घालून घरी गेले.

आठवड्याने त्यांना सासूबाईंचा फोन आला. मागून सासऱ्यांचा आवाज येत होता, "प्लंबर धाकट्यानं बोलवायचा, सांगा त्याला!"

"ऐकलंत ना, जावईबापू?" सासूबाई हळूच म्हणाल्या. "रविवारी या. दोरी घेऊन या, या खेपेला जरा जाड बघा. कात्रीचं मी पाहते."