राणे तात्यांची रसद

ऐन होळीच्या सुमारास राणे तात्या आमच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "वहिनी, पाचच मोदक करा. उकडीचे हवेत."

"आत्ता?"

"गणपती आलेत ना!"

गणपती आले होते ते त्यांच्या कादंबरीत.

मुलांनो, तुम्ही सुट्टीत दादरला येता तेव्हा जिन्यात अडवून "काय खाल्लंत रे आज?" असं विचारणारे तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा, ते हेच. आयुष्यभर माझगावच्या गोदीत त्यांनी जहाजांचे नकाशे काढले. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर कादंबरी लिहायला घेतली, दुसऱ्या महायुद्धातली. मालवणकडचे दोन सख्खे भाऊ. थोरला धोंडू सरकारच्या पलटणीतून ब्रह्मदेशात लढतोय. धाकटा शिवा सिंगापूरला कैद झाला आणि पुढे आझाद हिंद सेनेत गेला. म्हणजे एकाच आईची दोन मुलं एकाच जंगलात, समोरासमोर बंदुका रोखून.

आता तात्यांचा नियम असा, की कादंबरीतली माणसं जे खातील तेच आपण खायचं. "ताटात वरणभात आणि कागदावर उपासमार? खोटं उतरतं, वहिनी." म्हणून होळीला मोदक. पुढे खरे गणपती आले, सगळी इमारत गोडाधोडाने दरवळत होती, तेव्हा हे गृहस्थ कोरडी बिस्किटं चहाशिवाय चावत बसले होते. मी नैवेद्याचं ताट घेऊन वर गेले, तर मालवणीत म्हणाले, "युद्ध आसा ता. कोणासाठी थांबणा नाय. पलटण वेढ्यात आहे, ताट परत न्या." मग निघताना हळूच, "वेढा उठला की कळवतो. झाकून ठेवा."

इमारतीला या सगळ्याची सवय झाली होती. दूधवालासुद्धा विचारायचा, "तात्या, आज लिटर की युद्ध?"

गेल्या वर्षी तुमच्या आजोबांचं पोटाचं ऑपरेशन झालं. तुम्हाला फोनवर आम्ही "सगळं छान" म्हणत होतो, पण छान नव्हतं. त्यांची अन्नावरची वासनाच उडाली. डॉक्टर म्हणाले, पोटात काही गेलं तरच ताकद येईल. मी लापशी केली, मुगाचं कढण केलं, रागावले, विनवण्या केल्या. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

एका दुपारी तात्या कागदांची चळत घेऊन खाली आले आणि पलंगाशी खुर्ची ओढून बसले. "अण्णा, तुम्ही बँकेत दुसऱ्यांच्या चुका काढत जन्म घालवलात. माझ्या काढा." आणि वाचू लागले. थोड्या वेळाने थांबून मला म्हणाले, "वहिनी, धोंडूच्या पलटणीला पेज मिळाली. दोन वाट्या आणा."

आजोबांची मान वळली. "ब्रह्मदेशाच्या जंगलात पेज? कुठून आली?"

"आचारी कोकणातला होता."

"मघाशी तर वाचलंत, आचारी पंजाबी."

"त्याची बदली झाली."

"लढाईच्या मधोमध?"

"सरकारी कारभार आहे, अण्णा. तुम्हाला का सांगायला हवं? घ्या, पेज निवतेय."

तुमचे आजोबा हसले. किती दिवसांनी हसले! अर्धी वाटी पेज पोटात गेली. मी स्वयंपाकघरात जाऊन पदराने डोळे टिपले.

मग हा रोजचा शिरस्ता झाला. पलटणीला कधी मऊ भात मिळायचा, कधी अंबाडीची भाजी. तात्या वाचायचे, स्वतः खायचे, आणि वाद घालता घालता आजोबाही खायचे. पण गोष्ट पुढे सरकत होती. शिवाची फौज माघार घेत होती, औषध नाही, अन्न नाही. आजोबांना तो पोरगा आवडला होता. एक दिवस त्यांनी वाटी बाजूला सारली. "तात्या, हा मरणार, दिसतंय मला. तो मेला तर मी काही खाणार नाही. सांगून ठेवतो."

तात्यांचा चेहरा उतरला. "अण्णा, इतिहास आहे तो. माझ्या हातात नाही."

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. आजोबा दाराकडे बघत राहिले, आणि वाटी जशीच्या तशी परत. शेवटी मीच वर गेले. तात्या कोऱ्या कागदासमोर बसले होते. ताटवाटी कोरडी. दोन दिवस पोटात काही नव्हतं.

"शिवा माझा काका, वहिनी," ते म्हणाले. "त्या माघारीत भुकेने गेला, एवढीच बातमी आली. धोंडू म्हणजे माझे बाबा. बाबा जेवायला बसले की पहिला घास पानाबाहेर काढून ठेवायचे. कोणासाठी, विचारलं तर भरल्या ताटावरून उठून जायचे. मी खरं लिहीन, असं त्यांच्या फोटोला सांगितलं होतं."

मी एवढंच म्हटलं, "अण्णांनीही काही खाल्लं नाहीये."

संध्याकाळी ते खाली आले. दाढी वाढलेली, हातात चारच पानं. नदीकाठी धोंडूला शिवा सापडतो. ओळखू येणार नाही इतका वाळलेला. धोंडू बंदूक खाली ठेवतो, त्याचं डोकं मांडीवर घेतो, आणि चमच्याचमच्याने त्याला पेज भरवतो. शिवा डोळे उघडतो.

आजोबांनी या वेळी चूक काढली नाही. वाटीसाठी हात पुढे केला आणि ती संपवली, मग आणखी मागितली.

आज ते काठी टेकत मंडईत जातात आणि भाजीवाल्याशी भांडतात. डॉक्टर श्रेय औषधांना देतात, देऊ देत. मला माहीत आहे ते मला माहीत आहे.

त्या संध्याकाळी वाचन संपल्यावर तात्यांनी पानं नीट जुळवली, पण ते उठेनात. कादंबरी संपली होती. मग लहान मुलाने विचारावं तसं म्हणाले, "वहिनी, उद्यापासून मी काय खाऊ?"

मी काही बोलायच्या आत आजोबा पलंगावरून म्हणाले, "आमच्याकडे उद्या भरली वांगी आहेत. वेळेवर या, थांबायची सवय नाही मला."