कोपरे घ्या, कोपरे!

तायडेभाऊंना सरळ रेघ दाखवायची सोय नाही. दाराची चौकट असो, बसची खिडकी असो, नाहीतर लग्नपत्रिकेची किनार, ते एक डोळा मिटतात, मान तिरपी करतात आणि निकाल देतात, "वाकडं हाय." आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा भिंतीवरच्या आमच्या लग्नाच्या फोटोपुढे चांगली पाच मिनिटं उभे होते. मला वाटलं, जोडा शोभतो वगैरे म्हणतील. म्हणाले, "मॅडम, साहेबाचा डावा कान लेन्सनं लांबवला हाय. त्याहिचा काई दोष नाई." तेव्हापासून माझा नवरा येताजाता आरशात कान बघतो.

बडनेऱ्याला आमचा छोटासा कारखाना आहे. तिथे आम्ही संत्री निवडायचं यंत्र बनवतो. पट्ट्यावरून संत्री पळतात, वरून कॅमेरा माप घेतो आणि लहान-मोठी वेगळी होतात. मी त्याचं सॉफ्टवेअर लिहिते, अकोल्याहून रोज रेल्वेनं जाऊन-येऊन. तायडेभाऊ माझ्या हाताखाली काम करतात, असं निदान कागदावर तरी आहे.

आता, कॅमेऱ्याला माप आधी शिकवावं लागतं. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा एक सपाट पाट त्याच्यापुढे वेगवेगळ्या जागी, वेगवेगळा कलता धरायचा आणि फोटो काढायचे. चौकडी खरी केवढी ते आपल्याला ठाऊक असतं, म्हणून लेन्स कुठे किती वाकवते ते गणितानं निघतं. याला कॅलिब्रेशन म्हणतात. भाऊ नुसतं 'पाट धरणं' म्हणतात. पुठ्ठा पावसाळ्यात फुगतो म्हणून त्यांनी चौकड्या जाड काचेवर चिकटवल्या आहेत. ती काच ते घरच्या उशीच्या खोळीत घालून अमरावतीहून बसनं आणतात, मांडीवर घेऊन. एकदा कंडक्टरनं विचारलं, "काका, बुद्धिबळ खेळाले चालले काय?"

"खेळाचं नाई बाप्पा. कॅमेऱ्याच्या डोयाचा नंबर काढाचा हाय."

मग बडनेरा येईस्तोवर त्या बिचाऱ्याला लेन्स समजावून दिली. आता तो कंडक्टर भाऊ दिसले की मागच्या दाराकडे जातो.

आमचं पहिलं यंत्र चांदूर रेल्वेच्या एका व्यापाऱ्याकडे गेलं. मी कॅलिब्रेशन केलं होतं, संगणकानं चूक अगदी नगण्य दाखवली होती, मी पेढेसुद्धा वाटले होते. आठवड्यानं फोन आला. "मॅडम, पट्ट्याच्या मधातली संत्री बरोबर येऊन राहिली. कडेचीच काहून जाड होऊन राहिली?" मी त्यालाच चार शब्द सुनावले आणि फोन ठेवला. भाऊ शेजारीच चहा पीत होते.

"पाट कोठी धरला होता, मॅडम?"

"मध्ये. तिथेच स्वच्छ दिसतो ना."

"मंग चूक बी मधातलीच मोजली तुमी. लेन्स सगळ्यात जास्त कोपऱ्यात वाकवते, अन् तथी तुमी गेल्याच नाई. कोपरे घ्या, मॅडम, कोपरे!"

माझा असा संताप झाला! मी एम. टेक., हे पॉलिटेक्निकचे डिप्लोमावाले. पण माणूस बरोबर होता, काय करता? दिवसभर आम्ही पाट कोपऱ्याकोपऱ्यात धरला. "अजून बाहेर जाऊ द्या, अजून," करत भाऊंनी माझे हात मोडायचे बाकी ठेवले. दुसऱ्या दिवशी कडेची संत्री मुकाट्यानं आपल्या मापात आली.

भाऊंचं मात्र समाधान नाही. सुटीच्या दिवशीही कारखान्यात येऊन एका जुन्या, रोलच्या कॅमेऱ्यापुढे पाट धरायचे. रोल धुऊन आणायचे, गणित मांडायचे, "कोपरा अजून हालते" म्हणून पुन्हा काढायचे. मी एकदा चिडवलं, "यातून कोणती संत्री मोजायची, भाऊ?" एरवी लेन्सवर तासभर बोलणारा माणूस, नुसता कॅमेरा पुसत राहिला.

उत्तर मिळालं ते यंदा, अंजनगाव सुर्जीला जाताना. त्यांच्या ताईच्या नातीचं लग्न होतं. "तुमी चलाच. तुमी इंजिनियर, तुमी सांगसान तं ताई आयकन," म्हणून मला ओढूनच नेलं. बसमध्ये त्यांनी काचेच्या त्या उशीच्या खोळीतून दोन फोटो काढले. आई गेल्यावर ताईनंच त्यांना वाढवलं होतं. डिप्लोमा मिळाला त्या दिवशीचा ग्रुप फोटो, मध्ये प्राचार्य, शेजारी भाऊ आणि पार कडेला ताई, लेन्सनं आडवी ताणलेली. घरी सगळे तो फोटो पाहून हसले होते. त्यानंतर ताई कुठल्याच फोटोत उभी राहिली नाही. दुसरा फोटो तोच, पण सरळ केलेला. तो फोटो काढणारा स्टुडिओ बंद पडला तेव्हा त्यांचा तो रोलचा कॅमेरा भाऊंनी मागून आणला होता, आणि त्याच्याच लेन्सचं माप काढून हा फोटो सरळ केला होता. आज ताईला नातीच्या फोटोत उभी करायची, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

मांडवात ताईंनी चष्मा लावला आणि सरळ केलेला फोटो बराच वेळ बघितला. "बाप्पा! एवढी बारीक होती मी?"

मी माझं काम केलं. "दोष लेन्सचा होता, ताई. कडेला उभं राहिलं की असं होतं."

ताई हसल्या. "लेन्स-बिन्स मले समजत नाई, पोरी. जाड दिसली म्हनून थोडी मी रुसली! ह्यानंच मनलं होतं, 'ताई, जराशी सरक, प्राचार्यसाहेबाले जागा दे.' मी सरकली. तवा म्या ठरवलं, आता फोटोत कोनाची जागा अडवाची नाई."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि तेच मला ऐकवेना. भाऊ खाली मान घालून उशीच्या खोळीची गाठ सोडत आणि बांधत होते.

"मले आठोते, ताई," ते शेवटी म्हणाले. "लेन्सचा दोष नाईच तो. माहा दोष हाय."

ताईंनी त्यांच्या पाठीवर एक धपाटा घातला. "मंग चाल आता, उभं कर मले कोठी करतं ते."

फोटोग्राफरनं हाक मारली तेव्हा भाऊंनी ताईंचा हात धरून त्यांना नवरा-नवरीच्या मधोमध उभं केलं. नवरदेवाला सरकवलं, त्याच्या काकांना सरकवलं, आणि स्वतः जाऊन पार टोकाला उभे राहिले.

मी ओरडले, "भाऊ, आत या! तिथे लेन्स ताणते!"

"ताणू द्या, मॅडम."

फोटो आला. ताई मध्ये आहेत, पदर सावरून चक्क हसताहेत, आणि भाऊ कडेला दीडपट जाड. "सरळ करून देऊ का?" मी विचारलं. त्यांनी एक डोळा मिटला, मान तिरपी केली आणि फोटो माझ्या हातातून काढून घेतला.

"राहू द्या," म्हणाले. "हा बरोबर हाय."