घरातली हरवले-सापडले खिडकी

बस डेपोच्या हरवले-सापडले खिडकीवर एकोणीस वर्षं बसलेल्या माणसाला विसरभोळेपणावर बोलायचा अधिकार असतो, अशी आमच्या कारकुनांची पक्की समजूत होती. (किल्ल्या दाराला बाहेरून लटकत ठेवून आत निवांत झोपायचा अधिकारही ते अधूनमधून बजावत, पण तो विषय वेगळा.) त्यामुळे सातवीतल्या लेकीच्या डायरीत वर्गशिक्षिकेची चिठ्ठी आली, तेव्हा त्यांना काळजीपेक्षा हुरूपच जास्त आला. वह्या अपुऱ्या, साहित्य रोज घरी. महिन्याभरात सुधारणा दिसली नाही तर विज्ञान प्रदर्शनातून नाव कमी करू. महिनाअखेरीस पालकांनी सकाळी पावणेआठला भेटावं.

लेकीला घरात भिंगरी म्हणत, कारण ती जिथून जाई तिथे काहीतरी सांडून जाई. चिठ्ठी वाचून तिचं तोंड एवढंसं झालं. इंजेक्शनच्या नळ्यांत पाणी भरून चालणारी क्रेन ती प्रदर्शनासाठी दोन महिने जोडत होती.

कारकुनांनी त्याच संध्याकाळी चपलांच्या कपाटाशेजारी एक खोकं ठेवलं, स्टूल मांडलं आणि या घरच्या खिडकीचे नियम डकवले. रात्री आठनंतर जागेवर नसलेली प्रत्येक वस्तू खोक्यात. सकाळी फॉर्म भरायचा: वस्तूचं वर्णन, कुठे विसरली, का विसरली. ओळख पटल्याशिवाय वस्तू मिळणार नाही.

पहिल्याच सकाळी भिंगरीने कंपास, भूगोलाची वही आणि डाव्या पायाचा बूट यांसाठी तीन फॉर्म भरले. बुटाच्या कारणापुढे तिने ‘माहीत नाही’ लिहिलं. कारकुनांनी त्यावर ‘कारण अपुरे, पुन्हा लिहा’ असा लाल शेरा मारला. तिची बस चुकली आणि बायको दिवसभर कारकुनांशी बोलली नाही.

पाचव्या दिवशी खिडकी उघडलीच नाही. कारकून विसरले होते. सहाव्या दिवशीही विसरले. सातव्या दिवशी भिंगरी स्वतःच स्टुलावर जाऊन बसली आणि म्हणाली, की यापुढे खिडकी मी बघते.

आणि तिने ती खरोखरच बघितली. रोज आठला घरभर फेरी, मग रजिस्टरमध्ये नोंद. खिडकीवरच्या माणसाचीच वही खोक्यात सापडली तर अब्रू जाते, हे तिचं तिलाच कळलं. तिच्या वस्तू खोक्यातून नाहीशा झाल्या, वह्या पुऱ्या होऊ लागल्या. खोकं मात्र भरलेलंच असे. त्यात आईची क्वचित एखादी कात्री असे. बाकी सगळा माल एकाच गृहस्थांचा होता.

महिनाअखेरीच्या सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी हे गृहस्थ खिडकीपुढे उभे राहिले. शाळेच्या फाटकावर ओळखपत्र ठेवून घेतल्याशिवाय आत सोडत नसत, आणि ओळखपत्र रात्रभर वॉशिंग मशीनवर पडलेलं असल्यामुळे खोक्यात जमा झालं होतं.

“बसा,” भिंगरी म्हणाली. घरी ती त्यांना अरेतुरे करी, खिडकीवर अहोजाहो. “ओळखपत्र दाखवा.”

“अगं, तेच तर तुझ्या खोक्यात आहे.”

“मग ओळख कशी पटवणार?”

“उशीर झाला तर तुझंच नाव जाईल,” कारकून काकुळतीला आले.

भिंगरीचा चेहरा उतरला, पण रजिस्टरवरचा हात हलला नाही. “नियम तुमचाच आहे,” ती हळूच म्हणाली. मग तिला मार्ग सुचला. तिने आईला साक्षीदार म्हणून बोलावलं आणि विचारलं, या गृहस्थांना तू ओळखतेस का.

आईने चहा गाळता गाळता नवऱ्याकडे नीट पाहिलं. “चौदा वर्षं प्रयत्न चालू आहे. तसं लिही.”

तसं लिहून घेऊन भिंगरीने ओळखपत्र दिलं.

पावणेआठला एक मिनिट कमी असताना दोघं धापा टाकत वर्गात पोहोचली. बाईंनी सगळ्या वह्या उलटून पाहिल्या, मग भिंगरीने सोबत आणलेलं रजिस्टरही पाहिलं आणि बराच वेळ हसल्या. क्रेन प्रदर्शनात राहिली. पोरीने हे आपल्या शिकवण्यामुळे नव्हे, आपण विसरल्यामुळे साधलं, हे कारकुनांना कळत होतं आणि तरीही फार बरं वाटत होतं.

त्या आनंदात ते फाटकावर ठेवलेलं ओळखपत्र घ्यायला विसरले. बसमध्ये बॅगही विसरले. दहा वाजता ती बॅग रीतसर त्यांच्याच खिडकीवर येऊन जमा झाली.

शेजारच्या सहकाऱ्याने ती फडताळात ठेवून कुलूप लावलं आणि फार सभ्यपणे ओळखपत्र मागितलं. गेल्या महिन्यात कारकुनांनी त्याच्या मेहुण्याला छत्रीसाठी तीन खेटे घालायला लावले होते. डबा बॅगेत, बॅग चार हातांवर, आणि कारकून खिडकीच्या बाहेरच्या बाजूला.

शाळा सुटल्यावर दीडला भिंगरी डेपोत आली. शाळेच्या पहारेकऱ्याच्या वहीत सही करून तिने ओळखपत्र आणलं होतं. कारकुनांनी हात पुढे केला. तिने दप्तरातून कोरा फॉर्म काढून त्यांच्या हातात दिला.

पेनही बॅगेतच असल्याने कारकुनांनी ते सहकाऱ्याकडून मागून घेतलं. ‘का विसरली’ या रकान्यात त्यांनी लिहिलं: मुलीला जबाबदारी शिकवण्याच्या नादात.

भिंगरीने ते दोनदा वाचलं. मग लाल पेन काढून खाली शेरा मारला आणि फॉर्म परत केला.

‘कारण अपुरे, पुन्हा लिहा.’