होडीत पाचच जण

तांडेल सरांच्या होडीत पाचच जण बसायचे. होडी म्हणजे तलासरीजवळच्या आमच्या शाळेची कॉम्प्युटर लॅब आणि जण म्हणजे वेबसाइट. जगात लाखो असतील, आमच्याकडे पाच उघडायच्या. सरांनी बाकीच्या बंद करून टाकल्या होत्या.

सर मूळचे समुद्रकाठच्या आगर गावचे, घरची मासेमारी. शिकवायचे भूगोल, पण लॅबची किल्ली हातात आल्यापासून भाषा थेट होडीवरची.

"सर, क्रिकेटचा स्कोअर चढवा ना!" पोरं ओरडायची.

"चढवतो. उतरवू कोणाला? डिक्शनरीला? इंग्रजीच्या पेपरात काय षटकार मारणारेस?"

सायन्सच्या बाईंना बेडकाचं हृदय दाखवायचं होतं. सरांनी बोर्डाची साइट तासापुरती उतरवली, बेडूक चढवला आणि घंटा होताच खाली काढला. वहीत नोंद: 'बेडूक. चढला ११.२०, उतरला ११.५५.' खाली बाईंची सही.

मी तेव्हा नवा शिक्षक. आमच्या घरातला पहिला पदवीधर, तोही वसतिगृहात राहून झालेला, त्यामुळे अंगात थोडा तोरा होताच. म्हटलं, "सर, यात पाचशे साइट बसतात."

"होडीत पण पन्नास माणसं बसतात, बाबा. किनाऱ्याला किती लागतात ते बोल."



पाचांपैकी चार सगळ्यांना ठाऊक होत्या: बोर्ड, डिक्शनरी, ज्ञानकोश, नकाशे. पाचवी फक्त सरांच्या कॉम्प्युटरवर, शाळा सुटल्यावर उघडायची. वहीत लिहिलेलं, 'पाचवी: स्वतः.' सरांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, म्हणून शिपाई गणूभाऊंनी निकाल देऊन टाकला होता, "लग्नाची साइट असणार. बघा तुम्ही, दिवाळीत लाडू मिळतील."

जूनमधला एक सोमवार. सायवनची सुनंदा आईला घेऊन दारात उभी. आमच्याच शाळेतून दहावी चांगल्या मार्कांनी पास झालेली. डहाणूला अकरावीला जायचं तर वसतिगृह हवं, वसतिगृहाचा अर्ज ऑनलाइन, आणि मुदत शुक्रवारपर्यंत. मोबाईलवर अर्ज उघडत नव्हता आणि बाजारातला सायबर कॅफे बंद होता.

"सर, नाही भरला तर आई म्हणते शिक्षण बस," सुनंदा म्हणाली. आई नुसती जमिनीकडे बघत होती.

अर्जाची ती साइट अशी की फोटो चढवला की बंद पडायची. तासाभराचं काम नव्हतं, आठवडा लागणार होता.

मी म्हटलं, "सर, डिक्शनरी उतरवा."

"त्या चारही जागा पोरांच्या आहेत. वर्ग चालू आहेत," सर म्हणाले आणि त्यांनी पाचवी उघडली.

पडद्यावर निळा समुद्र आणि त्यावर बारीक बारीक बाण. प्रत्येक बाण म्हणजे एक जहाज. सरांनी एकावर बोट ठेवलं.

"यावर आमचा पोरगा आहे, सतीश. इंजिनावर. महिना महिना फोन नाही. बाण हलला की समजायचं, बरा आहे."

"मग सर, एक आठवडा सहा करा ना! कोण बघतंय?"

"ती वही बघते," सर म्हणाले. त्यांनी समुद्र उतरवला आणि अर्ज चढवला.

चार दिवस सुनंदा फोटो चढवत होती आणि साइट तो खाली टाकत होती. सर शेजारी स्टुलावर बसून म्हणायचे, "पुन्हा टाक. आपण इथेच आहोत." शुक्रवारी दुपारी पावतीचा नंबर आला. सुनंदाने अशी किंकाळी फोडली की गणूभाऊ पाण्याची बादली घेऊन धावले. त्यांना वाटलं, आग लागली.

सरांनी वही उघडली. 'सुनंदा. चढली सोमवारी.' पुढे 'उतरली' लिहायचं, तिथे त्यांनी लिहिलं, 'पोचली.'

शाळा सुटून समुद्र पुन्हा चढायला अजून वेळ होता. मी बाहेर गेलो. माझ्या मोबाईलला नेट मिळायचं ते फक्त हायवेकडच्या फाटकापाशी. सरांना तिथे हाक मारली आणि मोबाईल त्यांच्यापुढे धरला. सोमवारी बाणावर वाचलेल्या नावाने जहाज शोधलं होतं; निळ्या पडद्यावर तोच बाण होता. सरांनी खिसे चाचपले. चष्मा लॅबमध्येच राहिला होता.

"हललाय का?" त्यांनी विचारलं.

"हललाय, सर. कोलंबोच्या पुढे गेलाय."

सर बराच वेळ त्या पडद्याकडे बघत राहिले, चष्म्याशिवाय.