बोलणारे सदस्य रजेवर

रुग्णालयात परभाषिक रुग्ण वाढल्यामुळे चार कर्मचाऱ्यांनी त्यांची भाषा एकत्र शिकावी, असा आदेश निघाला. सोबतीनं शिकल्यास भाषा लवकर येते, असं त्यात म्हटलं होतं. दुर्दैवानं ते खरं निघालं. सिस्टर, औषधवाले, नोंदणी कारकून आणि वॉर्डातले मामा दुपारच्या चहाला त्या भाषेत एकमेकांची टिंगल करू लागले. मामा आधी शिव्या शिकले. सिस्टरनी त्या दुरुस्त करून दिल्या. बघता बघता चौघंही बरं बोलू लागले.

एकच काम चौघं करताहेत, हे अधीक्षकांच्या नजरेतून सुटलं नाही. त्यांनी रीतसर वाटणी केली. ऐकणं सिस्टरकडे, वाचणं औषधवाल्यांकडे, लिहिणं कारकुनाकडे आणि बोलणं मामांकडे. उरलेली कौशल्यं ज्यानं त्यानं कार्यालयात जमा करावीत.

"म्हणजे मला येतंय ते मी बोलायचं नाही?" सिस्टरनी विचारलं.

"बोला की. आपल्या भाषेत बोला."

मूल्यमापन समिती आली त्या दिवशी मामा रजेवर होते. तरी तीन कौशल्यं हजर होती, म्हणजे पंचाहत्तर टक्के. काळजीचं कारण नव्हतं.

तेवढ्यात एक परभाषिक आजोबा खिडकीशी आले. बायकोला शस्त्रक्रियेला नेणार आहेत, त्याआधी तिला एकदा बघायचंय, ती कुठल्या खोलीत आहे, असं ते विचारत होते. सिस्टरना शब्दन्‌शब्द कळला. समितीनं 'श्रवण उत्तम' असा शेरा मारला. सिस्टरनी आपल्या भाषेत सांगितलं, तसं कारकुनानं सुवाच्य अक्षरात उत्तर लिहून दिलं. आजोबांना वाचता येत नव्हतं. मग औषधवाल्यांनी ते वाचलं, पण मनात. मोठ्यानं वाचणं बोलण्यात मोडतं.

आजोबांनी पुन्हा विचारलं, या वेळी हात जोडून. सिस्टरनी डावीकडच्या दाराकडे हात उचलला.

"हात खाली, सिस्टर," अधीक्षक हळूच म्हणाले. "खुणा अभ्यासक्रमात नाहीत. यंदा तुमची बढती आहे ना?"

हात खाली आला. आजोबा मान लववून उजवीकडे निघून गेले. थोड्या वेळानं डावीकडून स्ट्रेचर निघालं. त्यावरच्या आजीबाई मान वळवून वळवून कुणाला तरी विचारत होत्या. सिस्टरना तेही सगळं कळलं.

हा उपक्रम सर्व रुग्णालयांत राबवावा, अशी समितीनं शिफारस केली आहे.

आपण हे शेवटपर्यंत शांतपणे वाचलंत. वाचन उत्तम. त्यावर काही बोलण्याची जबाबदारी आपल्याकडे नाही.