सुभेदार बहादुरांचे पणतू

एसी उघडण्यापूर्वी जाधवकाका त्याच्यासमोर सावधान उभे राहत. टाचा जुळवलेल्या, छाती पुढे, हातात पाना. दोन सेकंद तसे उभे राहून दरडावत, "हं, रिपोर्ट!" मग यंत्राने काहीतरी सांगितल्यासारखी मान डोलावत आणि झाकण उघडत. नवं गिऱ्हाईक घाबरून माझ्याकडे, त्यांच्यासोबत आलेल्या शेजाऱ्याकडे, बघे. मी खुणेनेच सांगे, माणूस चांगला आहे.

कुवेतचं युद्ध नुकतंच निवलं होतं तेव्हाची गोष्ट. मी बहारीनला मनामा शहरातल्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होतो आणि तिथल्याच हूरा भागात एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर दोघा मल्याळी सोबत्यांबरोबर राहत होतो. काका त्याच इमारतीत तळमजल्यावर एकटे. मूळ मंडणगडचे, वय पन्नाशीचं. बहारीनच्या उन्हाळ्यात माणसं अंगातले कपडे काढायला बघतात, आणि हे गृहस्थ बॉयलर सूटला इस्त्री करत. तीही अशी, की घडीवर बोट फिरवलं तर कापेल.

"मी जाधव. सुभेदार बहादूर धोंडनाक यांचा पणतू." त्यांची ओळख अशी व्हायची. समोरचा पठाण टॅक्सीवाला असो की अरब घरमालक. टॅक्सीवाला म्हणायचा, "जी, अच्छा." घरमालक म्हणायचा, "यल्ला, यल्ला, एसी!"

धोंडनाक म्हणजे काकांचे पणजोबा. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यात पलटणीत शिपाई म्हणून लागले आणि सुभेदार होऊन, छातीवर पदक लावून गावी परतले. पुढे सरकारने महारांची भरतीच बंद केली. घरात उरल्या त्या गोष्टी. पदक कुणी, कधी, कुठे हरवलं याच्याही तीन गोष्टी होत्या.

पदक कशाबद्दल मिळालं, ही मात्र एकच. दर शुक्रवारी आम्ही मराठी मंडळी कुणाच्या तरी घरी जेवायला जमायचो, आणि वरण-भातानंतर काका काबूलच्या वाटेवरची टेकडी चढायला लागायचे. "वर दोनशे पठाण. खाली सुभेदार नि सात शिपाई. सुभेदार म्हणाले..." इथे काका उठून उभे राहत, "म्हणाले, आज मागं बघायचं नाय!" मी तीन वर्षांत ती टेकडी इतक्यांदा चढलो, की प्रत्येक दगड ओळखीचा झाला होता. पठाण दोनशेचे पुढे तीनशे झाले. शिपाई सातच राहिले.

काकांना एकच ध्यास होता, याचा सरकारी कागद मिळवायचा. विलायतेतल्या जुन्या लष्करी दप्तराच्या कचेरीला ते पत्रं पाठवत. इंग्रजी माझं, आवेश त्यांचा. "लिही, संजय, की त्यांचा पणतू हजर आहे आणि उत्तराची वाट बघतो आहे." दीड वर्ष काहीच आलं नाही.

मग एका शुक्रवारी काका पाकीट घेऊन थेट जेवणावळीतच आले. आम्ही त्या दिवशी देशपांड्यांकडे होतो. देशपांडे बँकेतले, पुण्याचे, जिभेला धार असलेले. काकांनी पाकीट माझ्या हातात दिलं आणि स्वतः सावधान उभे राहिले. "मोठ्यानं वाच. मराठीत."

मी वाचू लागलो. नाव बरोबर होतं, पलटण बरोबर होती, पदकही खरं होतं. पण टेकडी नव्हती. धोंडनाकांनी आयुष्यात कधी काबूल पाहिलंच नव्हतं. कूच चालू असताना छावणीत पटकी पसरली. पलटण पुढे गेली. आजाऱ्यांच्या तंबूत कोण थांबणार, असा प्रश्न आला, तेव्हा धोंडनाक आपण होऊन थांबले. अठरा दिवस त्यांनी सगळ्या जातींच्या शिपायांची घाण काढली, त्यांना आपल्या हाताने पाणी पाजलं. जे गेले त्यांना पुरलं, जाळलं. पदक त्याबद्दल.

देशपांडे म्हणाले, "म्हणजे काका, सुभेदार की वॉर्डबॉय?"

सगळे हसले. मीही हसलो. ते अजून आठवलं की कान गरम होतात.

काकांनी पत्र घेतलं, नीट घडी केली. "वाईच काम आहे," म्हणाले आणि न जेवता गेले. त्यानंतर शुक्रवारी ते यायचे बंद झाले. जिन्यात भेटले तर "बरा आहेस?" एवढंच. एकदा आमच्या ऑफिसचा एसी दुरुस्त करायला आले. सावधान नाही, रिपोर्ट नाही. गुपचूप झाकण उघडलं, गॅस भरला, निघून गेले. माफी मागायची असं मी रोज ठरवत होतो.

महिनाभरात मला कांजिण्या आल्या. अंगभर फोड, अंगात ताप. माझे दोघे सोबती त्याच दुपारी बॅगा भरून सनद नावाच्या दुसऱ्या वस्तीत मित्राकडे गेले. त्यांचं चुकलं नाही, दोघांनाही लहानपणी कांजिण्या आलेल्या नव्हत्या. देशपांड्यांनी फोनवर काळजी घ्यायला सांगितलं.

संध्याकाळी दार वाजलं. दारात काका. काखेत गादी, एका हातात पेजेचं पातेलं, दुसऱ्या हातात रस्त्याकडेच्या कडुनिंबाचा पाला.

"काका, तुम्ही नको. लागण होईल."

"मला सातव्या वर्षी येऊन गेल्यात. सरक."

आठ दिवस ते कामावरून सरळ वर येत. पेज भरवत, फोडांना औषध लावत, उशीचे अभ्रे धूत. त्या पत्राचा विषय त्यांनी काढला नाही. सातव्या दिवशी मीच म्हणालो, "काका, त्या दिवशी मी हसायला नको होतं."

ते खुर्चीवर बसून पाला निवडत होते.

"तुम्ही हसलात त्याचं नाय रे," ते म्हणाले. "बायको माझी, सुशीला, गेली, त्याला पाच वर्षं झाली. तीन महिने आजारी होती गावाला. मी रजेचा अर्ज दिला. मॅनेजर म्हणाला, इंशाल्ला. मी पण इंशाल्ला म्हणून गप बसलो. भांडलो नाय, नोकरी सोडली नाय. सारखी माझं नाव घेत होती म्हणतात. मी पोचलो तो सगळं उरकल्यावर, पुण्यानुमोदनाला." त्यांनी चष्मा काढला, पुसला. "टेकडीची गोष्ट सोपी होती. टेकडी काय, मला कुणी चढायला सांगितलीच नसती. पण थांबायचं म्हणजे... पणजोबा परक्यांसाठी थांबले, संजय. माझं तर घरचंच माणूस होतं."



ते उठले, माझ्याजवळ आले आणि ताप बघायला कपाळावर हात ठेवला. ताप दोन दिवसांपूर्वीच उतरला होता. ते त्यांनाही ठाऊक होतं. हात मात्र तसाच राहिला, आणि मी डोळे मिटून पडून राहिलो.